तगरीखाली लेंड्या पडल्यात का?

किडे बघायचेत, सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी सांगते, वर बघू नका, खाली बघा. तगरीच्या झाडाखाली फरशीवर किंवा तिथे लावलेल्या स्कूटरच्या सीटवर काळपट हिरव्या, उभ्या खाचांच्या जाडसर लेंड्या दिसल्या की समजायचं वर कोणीतरी जेवायला बसलंय, आणि लेंडी अजून ओलसर असेल तर पंगत चालूच आहे. मग बरोब्बर तिच्या वरची फांदी धरायची आणि पानं संपून नुसते देठ कुठे उरलेत ते बघत जायचं. तरी दिसत नाही. बोटाएवढी जाड अळी आणि तरी दिसत नाही, कारण रंग पानाचाच आणि अंगावरून गेलेली पांढरी रेघ पानाच्या शिरेत मिसळून जाते, आणि मग एकदा दिसली की इतका वेळ आपण नक्की काय बघत होतो तेच कळत नाही.

ही ओलिअँडर हॉक मॉथ या पतंगाची अळी. तगर, कण्हेर, सदाफुली ही हिची झाडं, आणि पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत कंपाउंडला तगर असतेच. फांदीला जरा धक्का लागला की डोकं आत ओढून घेते आणि मानेच्या वर दोन निळे पांढरे गोल डोळे वटारते. ते डोळे नाहीतच, नुसते ठिपके आहेत, खरं डोकं त्याच्या खाली कुठेतरी दडवलेलं असतं. कोशात जायच्या आधी हिचा हिरवा रंग जातो, ती तपकिरी काळपट होते आणि झाडावरून उतरून पालापाचोळ्यात जागा शोधत जमिनीवर फिरते. त्या दिवसांत आमच्या पार्किंगमध्ये दरवर्षी एकदा तरी बोंब होते की सापाचं पिल्लू आलंय, आणि वॉचमन काका हल्ली कोणाला काही मारू देत नाहीत, आधी मला इंटरकॉमवर फोन करतात, "ताई, तुमचं काहीतरी आलंय खाली."

आम्ही धायरीकडे राहतो, सिंहगड रोडपासून आत. माझं काम घरून, त्यामुळे सकाळचा तासभर मला मिळतो. घरात एक जुना डीएसएलआर पडून होता, मुलगी लहान असताना घेतलेला, नंतर फोनमुळे कोणी हात लावेना. त्याच्या ५५-२५०च्या झूम लेन्सवर मी रेनॉक्स कंपनीची ती चिमट्याने बसवायची छोटी भिंग लावते, आठ डायॉप्टर ताकदीची. खरी मॅक्रो, म्हणजे बारक्या गोष्टी मोठ्या दाखवणारी लेन्स घ्यायची तर पाकीट रिकामं होतं आणि घरी उत्तर द्यावं लागतं, आणि खरं सांगू का, हवीच असं नाहीये. त्या भिंगाने किड्यापासून साधारण बारा सेंटीमीटरवर फोकस मिळतो, ना जास्त ना कमी, त्यामुळे रिंग फिरवत बसायचं नसतं. ऑटोफोकस बंद करायचा, झूम ठरवायचा आणि आपणच मागेपुढे डुलायचं, डोळा चकचकीत दिसला की बटण दाबायचं. सगळी गंमत त्या डुलण्यात आहे. एवढ्या जवळून फोकसमध्ये जेमतेम एखाददोन मिलिमीटर जाडीचा पट्टा मिळतो, म्हणजे माशीचा डोळा मिळाला तर तिचे पंख गेले. म्हणून अ‍ॅपर्चर एफ ११ ला ठेवते, म्हणजे लेन्सचं भोक बारीक आणि तो पट्टा जरा जाड, मग उजेड पुरत नाही, मग फ्लॅश आलाच, आणि नुसता फ्लॅश मारला की ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबगच्या पाठीवर पांढरा फटका उमटतो, मग डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवून मऊ करणारा पडदा. माझा डिफ्यूजर म्हणजे टीव्हीच्या खोक्यात आलेली पांढरी फोमची शीट, रबरबँडने लेन्सवर पुढे झुकवून बसवलेली. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने बघितलं तर हसेल पण उजेड सुंदर पडतो.

अजून एक युक्ती सांगते जी मला फार उशिरा मिळाली असं वाटतं. वाऱ्याने फांदी हलत असते आणि आपण वैतागतो. तर डाव्या हाताच्या दोन बोटांत ती काडी किंवा देठ हलकेच धरायचा आणि लेन्सचं पुढचं टोक त्याच हाताच्या मनगटावर टेकवायचं. आता हललं तर किडा आणि कॅमेरा दोघंही एकदम हलतात. याने माझे जेवढे फोटो सुधारले तेवढे कुठल्या सामानाने नाही. आणि सावली किड्यावर पडू द्यायची नाही, एवढंच. आवाजाचं त्यांना फारसं काही नसतं, सावली पडली की गेलेच.

फोनवर पण होतं हो. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो मोड येतो, फुलपाखरं आणि अळ्यांना तो पुरतो. मुंगीला नाही पुरत.

आता लोकांचं. सकाळी साडेसहाला एक बाई कंपाउंडच्या भिंतीला नाक लावून उकिडवी बसलीय, तर लोक काय समजणार. पहिले काही आठवडे सगळ्यांना वाटायचं मी महापालिकेकडून डेंग्यूचं चेकिंग करायला आलेय. पलीकडच्या बंगल्यातल्या काकूंनी तर मला बघून घाईघाईने कुंड्यांखालच्या बशा पालथ्या केल्या, मी काही बोलले नाही, चांगलंच काम झालं. एका गृहस्थांनी विचारलं की ही जागा मोजताय का, बिल्डर आलाय का. पण एकदा स्क्रीनवर मोठं करून दाखवलं ना की माणूस बदलतो. त्याच काकूंना मी त्यांच्याच बशीतून उडालेल्या डेंग्यूच्या एडिस डासाच्या मादीचा फोटो दाखवला, माझ्याच हातावर बसलेली, पायांवर पांढरे पट्टे, पाठीवर चंदेरी रेघांची नक्षी, पोट रक्ताने लालभडक. "अगंबाई, इतकी नटलेली असते?" असं म्हणाल्या. तो फोटो काढायला मी चावून घेतलं होतं, ते काही धाडस वगैरे नाही, चावणारच होती, फोटो तरी मिळाला.

आमच्या सोसायटीला लागून एक मोकळा प्लॉट आहे, बरीच वर्षं तसाच पडलेला, मालकांचं आपसात काहीतरी चालू आहे. बाकीच्यांना तो कचरा वाटतो. तिथे रुई आहे, घाणेरी आहे, टाकळा येतो पावसात, आणि काँग्रेस गवत तर विचारूच नका. माझं निम्मं काम तिथेच.

रुईचं एक झाड नीट बघायला घेतलं तर वर्ष पुरत नाही. कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा (झाडाचा रस पिणारे बारके किडे) बसलेला असतो, काळ्या पायांचा, दाटीवाटीने. तो आला की त्याला खायला ढालकिडे येतात, त्यांच्या अळ्या येतात, एक कुठलीतरी सिर्फिड माशी येऊन मधोमध अंडं घालून जाते आणि तिची आंधळी, बिनपायाची अळी एकेक मावा तोंडात धरून वर उचलते आणि पिऊन टाकून देते. हे सगळं तळहाताएवढ्या जागेत. मी एकदा तिथे स्टूल घेऊन बसले होते आणि ऑफिसचा कॉल कानात चालू होता, म्यूट करून.

त्याच रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या. पांढऱ्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. रुईचं पान तोडलं की दुधासारखा चीक येतो हे सगळ्यांना माहितीये, तो चीक छोट्या अळीचं तोंड चिकटवू शकतो. तर ही काय करते, पान खायच्या आधी देठाजवळची जाड शीर कुरतडून ठेवते. चीक तिथेच गळून जातो, पुढचं पान जरासं मान टाकतं आणि मग ती निवांत टोकाकडून खायला बसते. हे मी लेन्समधून बघितलं तेव्हा मला फोटो काढायचं सुचेना. आणि चिकातलं विष ती पचवून स्वतःच्या अंगात साठवते, पुढे फुलपाखरात पण ते राहतं, म्हणून प्लेन टायगर इतकं रमतगमत उडतं, कोणी पक्षी सहसा वाटेला जात नाही. त्याची नक्कल करणारं दुसरं एक आहे, डॅनेड एगफ्लाय, त्याची फक्त मादी हुबेहूब प्लेन टायगर दिसते, नर अगदी वेगळा, काळा आणि मोठे पांढरे ठिपके. मी दोघांना शेजारी शेजारी घाणेरीवर बघितलंय आणि पंखाच्या मागच्या भागातले काळे ठिपके मोजल्याशिवाय सांगता आलं नाही कोण कोण ते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्ये तीन चार ठिपके असतात, नकली बाईला एकच, तोही वरच्या कडेला.

रुईवरचा रंगीत नाकतोडा तर पोरांचा लाडका. पिवळा आणि निळसर हिरव्या पट्ट्यांचा, इतका भडक की कोणीतरी रंगवून ठेवलाय असं वाटावं. त्याच्या पिल्लांना बोट लावलं की अंगातून पातळ धार उडवतात, चांगली वीतभर लांब जाते. माझ्या भिंगावर ती दोनदा आलीये, पुसून घ्यावी लागते आणि डोळ्यात जाऊ द्यायची नाही.

पण रुईचा एक शत्रू आहे तो म्हणजे शनिवार. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी पहाटे मारुतीच्या माळांसाठी लोक येतात आणि चांगली मोठी, ठिगळं न पडलेली पानं खुडून नेतात. प्लेन टायगरची मादी अंडं घालते ते पण पानाच्या खालच्या बाजूला, एकेकटं, आणि पान चांगलं बघूनच. म्हणजे किती अंडी आजवर मारुतीच्या गळ्यात गेली असतील देव जाणे. माळा करणाऱ्या मावशींशी आता माझी ओळख झालीये. त्या म्हणाल्या, "ताई, अळीचं पान तसंबी चालत नाही देवाला, भोकं असत्यात." तर आमचं असं ठरलंय की कडेची तीन झुडपं त्यांनी सोडायची. त्या सोडतात. मीही मग शनिवारी त्यांच्याकडूनच माळ घेते, आमच्या घरात कोणी शनिवार करत नाही तरी.

आता काँग्रेस गवत. या गवताकडे भारतात पहिल्यांदा लक्ष गेलं ते पुण्यातच, १९५५च्या सुमारास. अमेरिकेतून पीएल ४८० या धान्य मदत योजनेच्या गव्हाबरोबर बी आलं आणि तेव्हाच्या सरकारी पक्षाच्या नावाने ते गवत ओळखलं जायला लागलं, असं सांगतात. त्याने कोणाला शिंका येतात कोणाच्या हाताला पुरळ उठतं, मला दोन्ही होतं, म्हणून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जाते. त्या गवताकडे मी कधी बघितलंच नसतं, पण जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाल्यावर एका रोपावर मळकट पांढऱ्या रंगाचे, पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा असलेले भुंगे दिसले, जेमतेम अर्धा सेंटीमीटर लांब, एकावर एक चढलेले. मला वाटलं काहीतरी भारी सापडलं. शेतीखात्यात नोकरी झालेल्या माझ्या मामांना फोटो पाठवला तर त्यांचा लगेच फोन, "अगं, हा मेक्सिकन भुंगा. आम्ही डबे भरभरून वाटलेत शेतकऱ्यांना."

तर हा झायगोग्रामा. काँग्रेस गवताच्या मूळच्या देशातून, मेक्सिकोतून मुद्दाम आणलेला, १९८४ मध्ये बंगळूरकडे सोडलेला. हा तेवढंच गवत खातो म्हणून आणला. मधे कुठे सूर्यफुलावर दिसला म्हणून मोठा गोंधळ पण झाला होता, मामा त्यावर अजून तावातावाने बोलतात. याच्या अळ्या आधी शेंडा खातात, कळी खातात, मग पानं, आणि ऑगस्टपर्यंत आमच्या प्लॉटच्या एका कोपऱ्यात नुसत्या काड्या उभ्या होत्या. थंडी आली की हे जमिनीत शिरतात आणि पुढचा पाऊस पडेपर्यंत वर येत नाहीत. गवत मात्र थांबत नाही, ते बोअरच्या गळतीवर पण बारा महिने उगवतं, म्हणून भुंगा असूनही गवत आहेच. मला हे सगळं प्रकरण फार आवडलं. म्हणजे परदेशातून आलेलं तण, त्याच्या मागे परदेशातून बोलावलेला किडा, आणि दोघांचं भांडण माझ्या किचनच्या खिडकीखाली चालू आहे, आणि लोक मला विचारतात की फोटो काढायला ताम्हिणीला नाही गेलीस का. गेलेय की. कासला पण गेलेय. तिथे गर्दीत किडा बघायला खाली बसलं की मागचा माणूस पाय देतो.

लोकांना एकच प्रश्न असतो, "ब्लू मॉर्मन मिळालं का?" २०१५ मध्ये ते राज्य फुलपाखरू झालं तेव्हापासून सगळ्यांना तेवढं एक नाव माहिती आहे. मिळालं, आमच्याच गेटवरच्या जास्वंदीवर, एक सेकंद. फोटोत निळा ढग आलाय.

माझं म्हणणं एवढंच असतं की फुलपाखरामागे पळू नका, झाड शिका. पानफुटीच्या जाड पानात आतून पोखरलेला पारदर्शक डाग दिसला की आत रेड पिएरोची अळी आहे. कढीपत्त्यावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काही दिसलं आणि ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानावर दिसलं की ती बहुतेक लाइम बटरफ्लायची छोटी अळी आहे. कुठली अळी कुठल्या झाडावर याची यादी बटरफ्लाइज ऑफ इंडिया या साइटवर फुलपाखरागणिक मिळते, मी ती फोनवर उघडी ठेवूनच फिरायचे. मला आधी सोसायटीतली दहा झाडंसुद्धा ओळखता येत नव्हती. आता माळीमामा मला विचारतात ही कुंडीत उगवलीय ती काय आहे.

झोपलेल्या माश्यांबद्दल सांगितलंच पाहिजे. आमच्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर दिवसभर एक माशी यायची, मधमाशीएवढी, पोटावर निळे चमकणारे पट्टे, गुंऽऽ करून एका जागी हवेत थांबायची आणि दुसऱ्या क्षणाला गायब. ब्लू बँडेड बी. ही फुलाला धरून अंग थरथरवते आणि परागकण झटकून काढते, टोमॅटो वांग्याच्या फुलांना तशीच लागते. दिवसा हिचा फोटो निघणं अशक्य, माझ्याकडे रिकाम्या तुळशीचे शेकड्याने फोटो आहेत. मग कुठेतरी वाचलं की यांचे नर संध्याकाळी काडीला धरून झोपतात. मादी जमिनीतल्या किंवा मातीच्या भिंतीतल्या बिळात असते, नरांना घर नाही. झालं, मी दिवेलागणीला टॉर्च घेऊन प्लॉटवर. नवरा म्हणाला आता मात्र पोलीस विचारतील.

सापडले ते भिंतीच्या आडोशाला, घाणेरीच्या एका वाळक्या काडीवर. पाच जण एकाखाली एक. आणि पायांनी धरलेलं नाही, जबड्याने. काडीला चावा घेऊन, पाय पोटाशी दुमडून, सगळं अंग त्या चाव्यावर तोललेलं. टॉर्च मी ओढणीत गुंडाळून अगदी मंद केला होता. एक उशिरा आलेला नर येऊन मधे जागा करायला बघत होता, तर ज्याला धक्का लागला त्याने झोपेतच एक मधला पाय वर करून त्याला ढोसलं. तो गेला आणि सगळ्यात खाली जाऊन चावून बसला, शेपटाकडचा भाग दोनदा वरखाली झाला आणि मग स्थिर. मी इतकी जवळ होते की चेहऱ्यावरचा फिकट पिवळा पट्टा आणि मिशांवर चिकटलेले पराग दिसत होते. सकाळी सूर्य भिंतीवरून यायच्या आत परत गेले तर अजून तसेच, आणि आता अंगावर दव. थंड असतात तोवर उडता येत नाही त्यांना, ही खरी वेळ. आधी अंग थरथरवून गरम होतात मग जातात, तोवर दहा पंधरा मिनिटं सगळं तुमचंच. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच काडी. ती काडी मी लाल दोऱ्याने खूण करून ठेवली, कोणी सरपणाला नेऊ नये म्हणून, तर लोकांना वाटलं कोणीतरी करणी केलीये. एक फायदा झाला, कोणी हात लावला नाही.

काही जण किडा फ्रिजमध्ये ठेवून गार करतात आणि मग पानावर मांडून फोटो काढतात. मला ते पटत नाही. फोटो चकाचक येतो, पण बघितलं की कळतं, पाय चुकीचे पडलेले असतात, मिशा लोंबतात, त्या पानाशी त्या किड्याचा काही संबंध नसतो. सकाळी लवकर उठा की.

नाव शोधायला मी आयनॅचरलिस्ट वापरते. २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी प्रोजेक्ट म्हणून सुरू केलेलं ते, आता जगभर आहे. फोटो टाकला की मशीन अंदाज सांगतं, पण खरी मजा माणसांत आहे, कुठूनतरी कोणीतरी येऊन सांगतं की ही ती नाही, आणि दोघातिघांचं जमलं की नोंद पक्की धरतात. फुलपाखरू असेल तर तासाभरात नाव मिळतं. माशी टाकली तर महिने जातात. माझ्या कित्येक माश्या नुसत्या "माशी" या खात्यात पडून आहेत, कारण पंखावरच्या शिरा दिसल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून आता नियम केलाय, देखणा फोटो एकच, बाकी वरून, बाजूने, तोंडाकडून, आणि ज्या झाडावर बसलंय त्या पानाचा एक. पतंग असेल तर पंख मिटलेले उघडे दोन्ही. टाचणी, म्हणजे चतुरासारखा बारीक अंगाचा किडा असेल तर शेपटीचं टोक हवंच. सुंदर फोटोचं वेड यानेच गेलं माझं बहुतेक.

घरात वेगळंच चालू. सासूबाईंच्या खोलीत स्विचबोर्डच्या वर कुंभारीण माशीने मातीचं घर केलं. मी पुसायला गेले तर आई म्हणाल्या, "राहू दे, लेकुरवाळी आहे." आईंचं म्हणणं श्रद्धेचं असेल पण बरोबरच होतं. ती माशी एकेक कोळी डंख मारून आणते, मारत नाही, नुसता लुळा करते, कप्प्यात भरते, एक अंडं घालते आणि मातीने तोंड लिंपून टाकते. आम्ही दोघी खुर्च्या टाकून बसायचो. आईंनी खिडकी बंद होऊ दिली नाही तिच्यासाठी, डास आले तरी. एक गोळा पूर्ण लिंपायला वेळ किती लागतो, कुठल्या बाजूने सुरुवात करते, सगळं आईंना पाठ. मला कॅमेऱ्यातून जेवढं दिसलं त्यापेक्षा त्यांना चष्म्यातून जास्त दिसलं.

मग फवारणी. आमच्याकडे पेस्ट कंट्रोलवाला यायचा आणि बागेत सरसकट मारून जायचा. दुसऱ्या दिवशी पेव्हर ब्लॉकवर ढालकिडे, मधमाश्या, कोळी सगळे पाय वर करून. मीटिंगमध्ये मी बोलले तर एक कमिटी मेंबर म्हणाले, "मॅडम, तुम्हाला किडे पाहिजेत, आम्हाला नको आहेत, आणि मेंटेनन्स आम्हीपण भरतो." मुद्दा होता त्यांचा. मी फोटो दाखवले, मावा आणि ढालकिड्याचं सांगितलं, कोणी फारसं ऐकलं नाही. शेवटी काम झालं ते माळीमामांमुळे. त्यांना त्या औषधाने मळमळायचं. त्यांनी सरळ सांगितलं की मारायचं तर मी त्या दिवशी येणार नाही आणि पाणी कोणी घालायचं ते बघा. आता ड्रेनेजच्या झाकणांपाशी मारतात, झाडांवर नाही. पुढच्या पावसाळ्यात सोनचाफ्यावर टेल्ड जे फुलपाखराची अळी आली, ती फवारणी थांबल्यामुळे आली असं मी मीटिंगमध्ये ठोकून दिलं. शास्त्रीय पुरावा नाही माझ्याकडे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर मॉथ वीक करतात, २०१२ पासून चालू आहे. गच्चीवर पांढरी चादर, समोर दिवा, बस. मुलीच्या मैत्रिणी आल्या, खालच्या मजल्यावरचे आजोबा खुर्ची घेऊन आले. पाऊस भुरभुरत होता, अशाच रात्री सगळ्यात चांगल्या. अकरा वाजेपर्यंत चादर भरली, बहुतेक बारके मातकट पतंग, पण पोरींनी त्यातले कुठले कोरड्या पानासारखे कुठले झाडाच्या सालीसारखे असे गटच पाडले. आजोबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दर अर्ध्या तासाने तपशील वहीत लिहिला. ऑक्टोबरमध्ये तेच आजोबा मला सांगायला आले की मैदानावर चतुर उडतायत शेकड्याने, बसत नाहीत. वाँडरिंग ग्लायडर. हे चतुर भारतातून मालदीववरून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, ते मालदीवमध्येच राहून नोंदी ठेवत होते. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "आणि आमचा मुलगा पुणे विमानतळावर चार तास बसतो."

हल्ली सोसायटीच्या ग्रुपवर लोक मला फोटो पाठवतात, बाथरूममधले, अंधारातले, हललेले. "ताई हा कुठला दुर्मिळ आहे?" बहुतेक वेळा झुरळ असतं. पण मागच्या महिन्यात त्याच कमिटी मेंबरांचा व्हिडिओ आला, पार्किंगमधला. हिरवीनिळी, धातूसारखी चमकणारी गांधीलमाशी, मागच्या मांड्या लाल, आणि तिने भल्या मोठ्या झुरळाची मिशी तोंडात धरलेली, आणि झुरळ आपलं दाव्याला धरलेल्या गाईसारखं मुकाट तिच्या मागे चाललंय. ज्युएल वास्प. मी चप्पल न घालता खाली पळाले.

ती आधी झुरळाच्या छातीत डंख करते, पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात, तेवढ्यात दुसरा डंख थेट मेंदूत, अगदी ठरलेल्या जागी. मग झुरळाला चालता येतं पण पळावंसं वाटत नाही. ती त्याच्या मिशा अर्ध्या तोडते, त्यातून थोडं पिते, आणि ओढत बिळाकडे नेते, पायावर एक अंडं घालते, तोंड खड्यांनी बंद करते. आम्ही दोघं पार्किंगच्या जमिनीवर पोटावर पडून हे बघितलं, ते त्यांच्या ऑफिसच्या कपड्यांत. भिंतीच्या फटीत तिने शेवटचा खडा बसवला तेव्हा साहेब उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "या विकत मिळतात का हो कुठे? पेस्ट कंट्रोलपेक्षा बऱ्या."

मी म्हटलं, हवाईमध्ये १९४१ ला नेऊन सोडल्या होत्या याच कामासाठी, झुरळं काही संपली नाहीत. एक माशी एका वेळी एक झुरळ नेते. ते म्हणाले, "तरी पण, कोटेशन तर काढा."